खंजिरी आधी, गिटार मागून: दुसऱ्या अल्बमच्या नोंदी

२ सप्टेंबर २०२४, पोळा

आजपासून सगळं लिहून ठेवणार, कारण मागच्या अल्बमला कोणी काय ठरवलं होतं याच्यावरच अर्धी भांडणं झाली. तो अल्बम म्हणजे मेटल, ड्रॉप सी ट्युनिंग (तारा ढिल्या करून जाड आवाज), डबल पेडल, हिंदी गाणी, दोन इंग्रजी, सगळं १४० च्या क्लिकवर (कानात मिनिटाला १४० ठोक्यांची टिकटिक) घट्ट बसवलेलं. वाईट नव्हता. पण पुण्याच्या नाहीतर गुवाहाटीच्या पोट्ट्यांनी केला असता तरी तसाच वाजला असता, हा हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यातला बँड आहे हे फक्त पोस्टरवरून कळायचं.

आज तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्यातली टोमण्याची पदं, सुरू होत्या, मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. एक जण झडती म्हणते, त्यात कोणाला न कोणाला टोमणा असतेच, सोयाबीनचा भाव, सरपंच, जावई, काही पण, आणि शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला’ झालं की अख्खं गाव ‘हर हर महादेव’. त्या ‘हर बोला’च्या नंतर जो थांबा येते ना तो कधी लहान कधी मोठा, म्हणणारा गर्दीकडं पाहून ठरवते. रात्री गायकाला पाठवलं तर तो म्हणे अबे हा तर ब्रेकडाऊन आहे. हाव, ब्रेकडाऊनच आहे (मेटलमध्ये थांबून मग जड ठोका मारतात तो तुकडा), फक्त बार, म्हणजे आवर्तनं, मोजलेले नाही.

८ सप्टेंबर

चौघं बसलो, गायक, लीड गिटारवाला, ड्रमर आणि बेसला मी. लीडवाल्याला एकच भीती, की फ्युजन होईल. म्हणजे मागं तबला, मधात बासरी, पुढं गिटार आणि सगळे एकमेकांकडं पाहून हसून राहिले, तसं. त्याची भीती बरोबर आहे, मला पण ते पाहवत नाही.

ड्रमरनं सेपल्तुराचं उदाहरण काढलं. ब्राझीलचा थ्रॅश बँड, १९९६ च्या रूट्स अल्बमसाठी माटो ग्रोसो भागात शावांते लोकांच्या गावात जाऊन त्यांच्यासोबत रेकॉर्डिंग केलं, वरून कार्लिन्योस ब्राऊनला पर्कशनला घेतलं. त्याचं म्हणणं असं की त्या अल्बमात ढोल सजावटीला नाही ठेवले, गिटारची रिफच (परत परत येणारा तुकडा) ढोलासारखी मारली आहे, सूर कमी आणि ठोका जास्त. लीडवाला म्हणे ठीक आहे पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचा गायक मॅक्स कॅव्हलेरा बँड सोडून गेला ते पण सांग ना. ते पण खरं आहे.

ठरलं एवढंच की बाहेरून सँपल आणायचे नाही. आपल्या इकडं गावोगाव खंजिरी भजन मंडळ आहे, तुकडोजी महाराजांनी ती खंजिरी घरोघरी नेली, आणि आमच्या गावच्या मंडळाचे म्होरके ड्रमरचे सख्खे काका. आम्ही सगळेच त्यांना काकाजी म्हणतो. गायकानं वऱ्हाडीत लिहायचं कबूल केलं. त्याला आधी लाज वाटत होती, म्हणे लोकं कॉमेडी समजतील. वऱ्हाडी म्हटलं की स्टेजवर हसायचंच असं लोकांनी करून ठेवलं आहे, त्याचा राग आहे मला, त्या रागाचंच एक गाणं लिही म्हटलं.

२९ सप्टेंबर

मंडळासोबत पहिली बैठक, आणि काहीच जमलं नाही.

आमची पद्धत काय, आधी क्लिक, क्लिकवर ड्रम, त्याच्यावर बेस, मग गिटार, गाणं सगळ्यात शेवटी. त्याच हिशेबानं काकाजींच्या कानाला हेडफोन लावून १०० चा क्लिक दिला. पहिलं कडवं बरोबर, दुसऱ्या कडव्यात ते क्लिकच्या पुढं, तिसऱ्यात तर क्लिक कुठं आणि ते कुठं. हेडफोन काढून म्हणाले, “बाबू, हे टिकटिक मले मांगं वढून रायली. तुम्ही पोट्टे कोनाच्या मांगं वाजवता?” ड्रमर म्हणे क्लिकच्या. “आन् हे क्लिक कोनाच्या मांगं वाजते?”

मग म्हटलं काकाजी तुम्ही तुमच्या मनानं वाजवा, आम्ही नुसतं ऐकतो. ड्रमरनं मोबाईलवर टॅप करून मोजलं. भजन सुरू झालं नव्वदच्या आसपास आणि संपलं एकशे तीसच्या वर. हे काही अंदाधुंद पळणं नाही. दर कडव्याच्या शेवटी कोरस ध्रुवपद उचलते तेव्हा लय एक पायरी वर जाते आणि तिथंच थांबते, पुढच्या ध्रुवपदाला पुन्हा एक पायरी. टाळवाले, पेटीवाले सगळ्यांना न सांगता माहीत असते केव्हा चढायचं. आम्ही मात्र गाणं चढवायचं असलं की गेन (गिटारचा फाटका, खरखरीत आवाज) वाढवतो नाहीतर डबल पेडल सोडतो. लय वाढवायची हे डोक्यातच नाही, कारण क्लिक देतच नाही.

६ ऑक्टोबर

भांडण. लीडवाल्याचे मुद्दे फालतू नव्हते म्हणून लिहून ठेवतो. क्लिक नसला तर एक ओळ चुकली म्हणून तेवढीच परत घेता येत नाही, चांगला झालेला कोरस कॉपी करून दुसरीकडं टाकता येत नाही, डिलेचे (प्रतिध्वनीचे) रिपीट लयीत बसत नाही, आणि आमचा ड्रमर बुटीबोरीच्या एमआयडीसीत शिफ्ट करून येते, त्याचा एखादा दिवस खराब असला तर क्लिकशिवाय सांभाळणार कोण. सगळं खरं आहे.

ड्रमर बराच वेळ गप्प होता, मग म्हणे मी काकाजींना क्लिक समजतो. म्हणजे मंडळाची खंजिरी आणि गाणं आधी रेकॉर्ड करायचं, एका दमात, आणि तोच ट्रॅक त्याच्या कानात द्यायचा, ड्रम त्याच्यावर, बेस ड्रमवर, गिटार सगळ्यात शेवटी. उलटं पूर्ण.

मी रीपरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, करून पाहिलं. दर बारच्या पहिल्या ठोक्यावर टेम्पो मार्कर टाकत गेलं की सॉफ्टवेअरची जाळी काकाजींच्या लयीवर वाकते, मग डिले पण त्याच्या मागं जाते आणि एडिटिंग पण थोडंफार करता येते. किचकट काम आहे, एका गाण्याला पूर्ण रात्र जाते, पण होते. लीडवाला तयार झाला. एका अटीवर, की त्याच्या सोलोला कोणी हात लावायचा नाही.

आता सोयाबीनची सोंगणी, पंधरा-वीस दिवस कोणी भेटत नाही.

२१ ऑक्टोबर

मंडळ तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला मोझरीला गेलं आहे. काकाजी जायच्या आधी म्हणत होते की महाराजांचंच एखादं भजन घ्या ना अल्बमात. मी नाही म्हटलं, आणि काऊन ते नीट समजावून सांगितलं. आपल्या कायद्यात लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर पुढची साठ वर्षं कॉपीराइट राहते, महाराज १९६८ ला गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत. मंडळात बसून म्हणणं वेगळं आणि अल्बम करून स्पॉटिफायवर टाकणं वेगळं. म्हणून ठेका आणि चढती लय घेऊ, ते कोणा एकाचं नाही, शब्द आमचे. झडत्या पण नवीन रचायच्या, परंपरेतला फक्त शेवटचा जयजयकार ठेवायचा. झडती तशीही दरवर्षी नवीनच पाहिजे, जुन्या टोमण्यावर कोण हसते.

१० नोव्हेंबर

रेकॉर्डिंगची जागा ठरली, आमच्या घरची मागची खोली. कापूस वेचणी जोरात आहे आणि खोली तीन बाजूंनी छातीपर्यंत कापसानं भरली. आत टाळी वाजवून पाहा, आवाज हातातच मरते. फोम लावलेल्या स्टुडिओत जाऊन आलो आहे मागं, याच्यापेक्षा बरा नव्हता. बाबांचं म्हणणं आहे की लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ आहे, व्यापारी त्याच्या खाली मागून राहिले, तर घाई नाही. आमच्या अल्बमसाठी हे फार चांगलं झालं, हे त्यांच्यासमोर बोललो नाही.

पण प्रचाराचे भोंगे. २० तारखेला विधानसभेचं मतदान आहे, दर तासाला एक गाडी गावातून जाते आणि प्रत्येक गाडीवर स्वतःचं गाणं. मतदान होईपर्यंत माइक उघडायचा नाही असं ठरवलं.

२४ नोव्हेंबर

काल निकाल लागला, गुलाल उधळून झाला, आज गाव एकदम थंड. रात्री चार गाणी घेतली.

सेटअप लिहून ठेवतो, कोणाला कामी पडेल. इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) दोनच चॅनलचा आहे. एक एसएम ५८ माइक काकाजींच्या तोंडाजवळ, एक एसएम ५७ खंजिरीच्या बाजूनं, समोरून नाही, समोरून घेतलं की थाप फुटते. कंडेन्सर माइक लावला होता आधी, त्यात शेजारच्या बकऱ्या, दूरचा ट्रॅक्टर, सगळं आलं, काढून टाकला. कोरस आणि टाळ खोलीच्या दारात उभे केले, ते दोन्ही माइकात थोडे थोडे येतात, तेवढंच पाहिजे.

वाजवणारा आणि गाणारा माणूस एकच असल्यानं खंजिरी गाण्याच्या माइकात जाते आणि गाणं खंजिरीच्या माइकात. वेगळं करताच येत नाही. म्हणजे गाणं चांगलं पण खंजिरी चुकली असं झालं तर पूर्ण टेकच फेकायचा. शहरातला इंजिनिअर याला प्रॉब्लेम म्हणेल. आम्हाला हेच पाहिजे होतं, कारण तुकडे जोडायची सोयच राहिली नाही तर वाजवणारे आपोआप पूर्ण गाण्याचा विचार करतात.

लाइनीचं म्हणाल तर शेतीची लाइन रात्रीची आहे या आठवड्यात, मोटारी सुरू झाल्या की घरातलं व्होल्टेज पडते आणि रेकॉर्डिंगमध्ये भुणभुण येते. चार्जर काढला, लॅपटॉप बॅटरीवर घेतला की भुणभुण बंद, इंटरफेस यूएसबीवरच चालते.

थंडीमुळं खंजिरीचं कातडं उतरते. काकाजी दर दोन गाण्यांनी बाहेर जाऊन शेकोटीवर शेकून आणायचे, बोटानं टिचकी मारून ऐकायचे, नाही जमलं तर पुन्हा शेकायचे. पूर्वी खंजिरीला घोरपडीचं कातडं असायचं, आता वन्यजीव कायद्यात ते बंद आहे आणि बंदच पाहिजे, यांची बकरीच्या कातड्याची आहे. शेकल्यावर दोन गाणी चांगला टणक आवाज येते, मग पुन्हा बसते. त्यामुळं अल्बमात एका गाण्यात खंजिरी उंच आणि दुसऱ्यात जाड वाटेल. लीडवाला म्हणे पिच करेक्शन मार. नाही मारत.

१५ डिसेंबर

ड्रम. जे वाटलं होतं त्याच्यापेक्षा अवघड.

ड्रमर काकाजींच्या ट्रॅकवर वाजवून राहिला पण दर बारला केसभर मागं पडते, कारण तो ऐकून मग मारते. क्लिकचा पुढचा ठोका कुठं येईल हे माहीत असते, माणसाचा पुढचा ठोका ओळखावा लागते. त्यानं मग काठ्या खाली ठेवल्या आणि तीन-चार दिवस शिफ्टला जातायेता बसमध्ये नुसतं ऐकलं. आज आला आणि सरळ पहिल्या टेकला काकाजी ध्रुवपद उचलायच्या आधी जो श्वास घेतात त्या श्वासावरच फिल (दोन भागांमधला ड्रमचा छोटा तुकडा) मारला. आम्ही तिघं एकमेकांकडं पाहूनच राहिलो. तो श्वास आम्ही एडिटिंगमध्ये काढून टाकणार होतो.

बाकी बदल पण झाले. हाय-हॅट (ड्रमच्या पायानं उघडझाप होणाऱ्या झांजा) पूर्ण बंद, कारण खंजिरीच्या चकत्या आणि हाय-हॅट दोघंही वरच्याच फ्रिक्वेन्सीत किणकिणतात आणि नुसता कचरा ऐकू येते. स्नेअर दोन आणि चारवर मारायची सवय सोडली, तिथं खंजिरीची थाप आधीच आहे. किक आणि फ्लोअर टॉम एवढ्यावरच बहुतेक गाणी. डबल पेडल एकाच गाण्यात आणि ते पण शेवटच्या चढाला. माझा बेस साधा झाला, ड्रॉप ट्युनिंग सोडून स्टँडर्डवर आलो, ढिल्या तारांवर चढत्या लयीत बोटं अडकतात.

५ जानेवारी २०२५

गिटार. हे होणारच होतं.

लीडवाल्यानं त्याचा जुना टोन लावला, भरपूर गेन, आणि गाणं तिथंच आडवं झालं. खंजिरी दिसेना, ते ठीक आहे, ईक्यू मारून जागा करता आली असती. खरी गोष्ट वेगळी आहे. एवढ्या गेनमध्ये सिग्नल कापला जाते, म्हणून तार हळू मारा का जोरात मारा, आवाज जवळपास एकाच मापाचा येते. मंडळ पायरी पायरीनं चढून राहिलं आणि गिटार पहिल्या बारपासूनच माळ्यावर बसलेली. मग चढ कसा ऐकू येईल. गेन एक तृतीयांशावर आणला, ट्युनिंग डीवर, आणि त्याला सांगितलं की जोर हातानं दे. चिडला. पॉवर कॉर्ड धरून ठेवायच्या ऐवजी खंजिरीच्या थापेसोबत तोडून तोडून मारायला लावलं, त्यात अजून चिडला, पण तिसऱ्या गाण्यापर्यंत स्वतःच नवीन रिफ काढली त्यानं, आणि ती या अल्बमातली सगळ्यात जड रिफ आहे. कमी गेनवर. तो मान्य करणार नाही.

सोलोवर रात्री एक वाजेपर्यंत. त्याचं म्हणणं, मेटालिकानं २००३ मध्ये सेंट अँगर काढला, एक पण सोलो नाही, स्नेअर डब्यासारखा, लोकं आजपर्यंत शिव्या देतात, तुम्हाला तेच करायचं आहे का. त्याला म्हटलं तिथं सोलो काढले पण त्या जागी काही आणलं नाही, इथं त्या जागी गाव आहे. शेवटी आठपैकी दोन गाण्यांत सोलो ठेवले. एकात तर त्यानं पेटीवाल्यांसोबत सवालजबाब केला, पेटीवाले काका त्याला ओळीओळीनं मागं टाकत गेले, आणि तो टेक तसाच ठेवायचा असं त्यानंच सांगितलं, याचं मला खरंच कौतुक आहे.

१९ जानेवारी

कापूस गेला. बाबांनी संक्रांतीनंतर गाडी भरली, पैशांची गरज होती, भावाची वाट पाहून थांबता आलं नाही. खोली रिकामी, आणि आता टाळी वाजवली की भिंती उत्तर देतात. सगळं बाकी राहिलेलं काम या आवाजात जुन्यासोबत जुळणार नाही.

पण बाकी फक्त झडत्यांचं गाणं होतं, आणि त्याला हाच आवाज पाहिजे होता! कोरड्या खोलीत पंचवीस माणसांचा ‘हर हर महादेव’ मेलेला वाटला असता. एक माइक मधात, एक वर पाटीला बांधलेला, गायक खाटेवर उभा, समोर गावातले जेवढे मावले तेवढे. क्लिक नाही, ट्रॅक नाही, काहीच नाही. गायकाची झडती कापसाच्या भावावरच होती, बाबा मागं उभे राहून सगळ्यात मोठ्यानं ओरडले. ‘हर बोला’च्या नंतरचा थांबा त्यानं एवढा ताणला की मी रेकॉर्डिंग बंद पडलं का म्हणून स्क्रीनकडं पाहिलं.

९ फेब्रुवारी

मिक्स. लाउडनेस या वेळी वाढवला नाही. पहिला अल्बम ठासून भरला होता, पण स्पॉटिफाय सगळ्यांना उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणून ठेवते, म्हणजे ठासून पण फायदा नाही, उलट थाप चपटी होते. आता सुरुवात हळू आहे, शेवट मोठा आहे, आणि तसाच राहणार.

तपासणी तीन ठिकाणी: हेडफोन, ड्रमरच्या भावाचा मोबाईल, आणि ट्रॅक्टरवरचा स्पीकर. ट्रॅक्टरवर बेस गायब पण खंजिरी आणि आवाज एकदम साफ. इकडं गाणी ट्रॅक्टरवरच ऐकली जातात, तर हाच खरा रिझल्ट.

जुन्या मित्रांना दोन गाणी पाठवली. एक म्हणे भजनी मंडळ झालं का बे तुमचं. हाव, झालं. दुसऱ्यानं विचारलं की गाणं शेवटाकडं फास्ट काऊन वाटते, फाइल खराब आहे का.

२ मार्च

महाशिवरात्र आटोपली, महादेवाला गेलेले परत आले, लाइव्हची पहिली प्रॅक्टिस झाली. एप्रिलमध्ये वर्ध्याकडं एका कॉलेजात विचारणा आहे. स्टेजवर ड्रमरच्या मॉनिटरमध्ये फक्त काकाजी, बाकी आमचं काही नको, असं त्यानंच सांगितलं. पहिल्या गाण्यात काकाजी प्रेक्षक नसताना पण एवढे चढले की माझी बोटं भरून आली. मी खाली आणायचा इशारा केला तर म्हणे “तुमी या ना वर.”

मंडळाच्या अटी, लिहून दिल्या आहेत आणि मंजूर आहेत: पोस्टरवर मंडळाचं नाव बँडएवढ्याच अक्षरात, अल्बमचे पैसे डोकीप्रमाणं, स्टेजवर आणि स्टेजमागं दारू नाही, आणि मृगाच्या पेरणीच्या आधी आठ दिवसांपासून कोणताच कार्यक्रम घ्यायचा नाही. म्हणजे मे संपायच्या आत जेवढं वाजवायचं तेवढं वाजवून घ्यायचं, मग डायरेक्ट पोळ्यानंतर.

लीडवाला विचारून राहिला की लाइव्हमध्ये तरी तिसऱ्या गाण्यात सोलो लांबवू का. काकाजींना विचार म्हटलं, लय त्यांच्या हातात आहे. त्यानं विचारलं. ते म्हणाले, “वाजव ना बाबू, पन थांबशीन कवा हे आधीच सांगून ठेव, मले कोरस उचला लागते.” आता तो बार मोजत बसला आहे.